प्रवाळ-जलजीवालय : पीएच मूल्य व क्षारता यांच्या नियमनाचा इतिहास

उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्ती बांधणारे अश्मप्रवाळ बंदिस्त खाऱ्या पाण्यात जगतील आणि वाढतील, अशा तऱ्हेने योजलेल्या जलजीवालयास प्रवाळ-जलजीवालय म्हणतात. प्रवाळ जगविणे व प्रवाळ वाढविणे ह्या भिन्न गोष्टी आहेत. पहिली एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास साध्य झाली; दुसरी नियमितपणे साध्य होण्यास १९७० नंतरचे दशक उजाडावे लागले. ह्या विलंबाची कारणे अनेक असली (अपुरा प्रकाश, पाण्यातील त्याज्य पदार्थांचा संचय, धातूच्या चौकटींचे गंजणे), तरी त्यांतील एक मुख्य कारण रासायनिक होते. पाण्याचे पीएच मूल्य व त्याची क्षारता ह्या दोन राशी एकच आहेत, असे जलजीवालयांचे चालक दीर्घकाळ धरून चालले होते.

पाण्यातील हायड्रोजन आयनांच्या प्रमाणाचे लघुगणकीय माप म्हणजे पीएच मूल्य होय. ते एकाने उतरले, म्हणजे हायड्रोजन आयनांचे प्रमाण दहापट वाढते. क्षारता म्हणजे अम्लाचे उदासिनीकरण करण्याची पाण्याची एकूण क्षमता. समुद्राच्या पाण्यात ती मुख्यत्वे बायकार्बोनेट व कार्बोनेट आयनांमुळे आणि अल्प प्रमाणात बोरेट आयनांमुळे येते. व्यवहारात ‘क्षार’ हा शब्द मिठासारख्या कोणत्याही लवणास लावतात, म्हणून येथे क्षारता म्हणजे खारेपणा किंवा लवणता नव्हे, हे ध्यानात ठेवावयास हवे. पीएच मूल्य पाण्याची त्या क्षणीची अवस्था दाखविते, तर क्षारता हा पाण्यातील साठा असतो. पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइड विरघळला की पीएच मूल्य उतरते, पण क्षारता जशीच्या तशी राहते. दारे-खिडक्या बंद असलेल्या, माणसांनी भरलेल्या खोलीतील जलजीवालयाचे पीएच मूल्य म्हणूनच कमी आढळते, मग त्यातील साठा कितीही भरपूर असो. ही साधी बाब लक्षात न आल्यामुळे अनेक दशके चुकीचे उपाय योजले गेले.

प्रारंभीचे प्रयत्न : ॲना थिन ह्या इंग्रज विदुषींनी १८४६ मध्ये टॉर्की येथील किनाऱ्यावरून काही अश्मप्रवाळ गोळा करून लंडन येथे आणले. समुद्राचे पाणी नित्य मिळणे शक्य नसल्याने त्यांनी तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वरचेवर ओतविण्याची व्यवस्था केली आणि पुढे त्यात समुद्रशैवले ठेविली. पाण्यात हवा खेळविणे हा त्यामागील हेतू होता. त्याच क्रियेने पाण्यातील जादा कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडून पीएच मूल्यही सावरत असले पाहिजे. मात्र ते मोजण्याचे साधन, किंबहुना ती कल्पनाच, त्या काळी अस्तित्वात नव्हती. थिन यांचे प्रवाळ समशीतोष्ण समुद्रातील, एकेकटे व मंदगतीने वाढणारे असल्याने पाण्यातील कॅल्शियमाच्या व क्षारतेच्या साठ्यावर त्यांचा ताण नगण्य होता. त्यामुळे ते जगले, पण त्यांच्या जगण्याने सांगाड्याच्या वाढीचा प्रश्न उपस्थित झाला नाही.

रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञांनी १८५० मध्ये वनस्पती व प्राणी यांच्या श्वसनाचा परस्परांशी मेळ घालणारे ‘समतोल जलजीवालय’ वर्णिले आणि फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ मध्ये कृत्रिम समुद्रजलाची कृती प्रसिद्ध केली. गॉस यांच्या कृतीत सागरी मीठ तयार करणाऱ्या मुख्य लवणांचाच समावेश होता. कार्बोनेटांचे प्रमाण अत्यल्प असल्याने ते गौण ठरविले गेले, आणि हा दृष्टिकोन पुढे शंभर वर्षे टिकला. वास्तविक समुद्रविज्ञानाने त्याआधीच ह्या राशीची दखल घेतली होती. ‘चॅलेंजर’ मोहिमेत जमविलेल्या ७७ नमुन्यांचे विल्यम डिटमार यांनी केलेले विश्लेषण १८८४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात क्षारतेचाही विचार आहे. पीएच मूल्याची संकल्पना एस. पी. एल. सरेन्सेन यांनी कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १९०९ मध्ये मांडली आणि लगेच पुढील वर्षी समुद्रजलाची तशी मोजणीही झाली. मात्र हे ज्ञान समुद्रवैज्ञानिकांच्या अहवालांतच राहिले. जलजीवालयांपर्यंत प्रथम पोहोचले ते पीएच मूल्य, कारण रंग बदलणाऱ्या दर्शकाच्या दोन थेंबांनी ते मोजता येत असे.

सांगाड्याच्या वाढीचा अभ्यास : प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटाच्या ॲरॅगोनाइट ह्या स्फटिकरूपाचा असतो. सी. एम. याँग यांच्या नेतृत्वाखाली १९२८-२९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर गेलेल्या मोहिमेने प्रवाळाच्या ऊतकांत राहणाऱ्या सहजीवी शैवलांकडे (झूझँथेलींकडे) लक्ष वेधले. टॉमस गोरो यांनी जमेका येथे किरणोत्सर्गी कॅल्शियम वापरून १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रकाश असताना सांगाड्याची वाढ अंधारातील वाढीच्या कित्येक पट वेगाने होते, असे दाखवून दिले. यामुळे भर प्रकाशाकडे गेला. प्रकाशाची सोय झाल्यावर प्रवाळ वाढू लागतील, ही अपेक्षा स्वाभाविक होती. परंतु प्रकाश जितका चांगला, तितका साठा लवकर संपणार, ही तिची दुसरी बाजू कोणी पाहिली नाही.

नैसर्गिक समुद्रजल सतत उपलब्ध असेल, तेथे हा प्रश्न उद्‌भवतच नाही. रने काताला यांनी न्यू कॅलेडोनियातील नूमेआ येथे १९५६ मध्ये स्थापन केलेल्या जलजीवालयात वाहत्या समुद्रजलावर जिवंत प्रवाळ उत्तम रीतीने राखले गेले. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत केवळ हवेचे बुडबुडे, सूर्यप्रकाश आणि समुद्रातून आणलेले सजीवांनी व्यापलेले खडक यांचा वापर होता. समुद्र जवळ असल्याने पाणी बदलणे त्यांना सोपे होते. युरोप-अमेरिकेतील अनुकरण करणाऱ्यांना त्यांचे खडक मिळाले, समुद्र मिळाला नाही.

बंदिस्त पाण्यातील ऱ्हास : बंदिस्त जलजीवालयात माशांच्या उत्सर्गातील अमोनियाचे सूक्ष्मजंतूंकरवी नायट्रेटात रूपांतर होते. ह्या विक्रियेत अम्ल निर्माण होऊन क्षारता खर्ची पडते व कालांतराने पीएच मूल्य उतरते. त्यावर उपाय म्हणून गाळणीत शिंपल्यांचा किंवा प्रवाळाचा चुरा घालण्याची प्रथा पडली. चुरा आपोआप विरघळून पीएच मूल्य ८.२ च्या आसपास राखील, असा सार्वत्रिक समज होता. प्रत्यक्षात समुद्राचे पाणी कॅल्शियम कार्बोनेटाच्या बाबतीत अतिसंपृक्त असल्यामुळे असा चुरा त्यात विरघळत नाही. पीएच मूल्य ८ च्या बरेच खाली गेल्यावरच तो लक्षणीय प्रमाणात विरघळू लागतो, म्हणजे मदत पोहोचते ती हानी झाल्यावर. स्टीफन स्पॉट यांच्या १९७० मधील ग्रंथाने बंदिस्त समुद्रजलाचे रसायनशास्त्र प्रथमच पद्धतशीरपणे चालकांपुढे ठेविले. तथापि त्या काळी लक्ष मुख्यत्वे माशांकडे होते, आणि मासे कमी क्षारतेच्या पाण्यातही तग धरतात.

प्रवाळाचे तसे नाही. साधारण समुद्रजलाच्या एका लिटरमध्ये सु. ४१० मिग्रॅ. कॅल्शियम आणि सु. २.३ मिलितुल्यांक क्षारता असते. प्रवाळाने सांगाड्यासाठी २० मिग्रॅ. कॅल्शियम घेतले की त्याबरोबर १ मिलितुल्यांक क्षारता जाते, कारण कॅल्शियम कार्बोनेटाच्या प्रत्येक रेणूमागे क्षारतेचे दोन तुल्यांक खर्च होतात. म्हणजे कॅल्शियमाचा साठा जेमतेम पाच टक्क्यांनी घटतो, तेव्हा क्षारतेचा दोनपंचमांशाहून अधिक भाग नाहीसा झालेला असतो. शाखायुक्त ॲक्रोपोरा प्रवाळांनी भरलेल्या जलजीवालयात एवढा खर्च एका दिवसात होऊ शकतो. महिनाभरात पाण्याचा काही भाग बदलण्याने ही तूट भरून निघणे अशक्य आहे. चालक कॅल्शियम मोजत, ते ठीक आढळे. दुपारी पीएच मूल्य पाहत, तेही प्रकाशसंश्लेषणामुळे चढलेले असल्याने ठीक आढळे. आणि प्रवाळ मात्र वाढत नसत. ज्या राशीची तूट होती ती बहुधा मोजलीच जात नसे. ह्याच दोनास-एक नात्याचा उलट उपयोग स्टीफन व्ही. स्मिथ व जी. एस. की यांनी १९७५ मध्ये केला. प्रवाळभित्तीवरून वाहणाऱ्या पाण्याची क्षारता किती घटली, यावरून भित्तीची वाढ मोजण्याची त्यांची पद्धत आजही प्रमाण मानली जाते.

चुन्याची निवळी : ह्या कोंडीतून वाट काढण्याचे श्रेय मुख्यतः पेटर विल्केन्स यांना दिले जाते. उष्ण कटिबंधीय सागरी जलजीवालयातील अपृष्ठवंशी प्राण्यांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. जलजीवालयातून दररोज बाष्परूपाने जाणाऱ्या पाण्याची भरपाई साध्या गोड्या पाण्याने न करता चुन्याच्या निवळीने करावी, अशी त्यांची सूचना होती. पान खाणाऱ्यांच्या डबीतील चुना पाण्यात कालवून, गाळ बसू देऊन वरचे स्वच्छ पाणी घेतले, तर तीच ही निवळी. जर्मन भाषेतील ‘काल्कवासर’ ह्या नावाचा अर्थही ‘चुन्याचे पाणी’ एवढाच आहे, आणि जगभरच्या जलजीवालयांत तेच नाव रूढ झाले.

ह्या उपायाचे मर्म असे की, चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, आणि त्याचा प्रत्येक रेणू कॅल्शियमाच्या एका आयनाबरोबर क्षारतेचे दोन तुल्यांक देतो. प्रवाळ ज्या प्रमाणात साठा उचलतो, नेमक्या त्याच प्रमाणात तो परत मिळतो. शिवाय हायड्रॉक्साइड पाण्यातील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून त्याचे बायकार्बोनेट बनविते. त्यामुळे रात्री, प्रकाशसंश्लेषण थांबून श्वसनच चालू असताना, घसरणारे पीएच मूल्यही सावरले जाते. एकाच स्वस्त पदार्थाने साठा व अवस्था दोन्ही सुधारतात, हे त्यापूर्वीच्या कोणत्याही उपायाने साधले नव्हते. नुसत्या कॅल्शियम क्लोराइडाने कॅल्शियम वाढे, क्षारता वाढत नसे. नुसत्या खाण्याच्या सोड्याने क्षारता वाढे, पण कॅल्शियमाची भर पडत नसे. बोरेटयुक्त चूर्णांनी तर चाचणीत क्षारता वाढलेली दिसे, पण तिचा तो भाग प्रवाळाच्या उपयोगाचा नसे.

निवळीला मर्यादाही आहेत. तिचे पीएच मूल्य १२ च्या वर असल्याने ती थेंबथेंबच सोडावी लागते. घाई केल्यास पाणी दुधाळ होऊन कॅल्शियम कार्बोनेटाचा साका बसतो आणि आहे तो साठाही वाया जातो. उघडी ठेवलेली निवळी हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन पृष्ठभागी पांढरी साय धरते. शाळेत निवळीत फुंकर घालून दाखवितात तीच ही विक्रिया असून साय धरलेली निवळी तेवढ्यापुरती निकामी झालेली असते. चुना पाण्यात फारसा विरघळत नाही. संपृक्त निवळीच्या एका लिटरमध्ये क्षारतेचे सु. ४० मिलितुल्यांकच मावतात, आणि किती निवळी घालता येईल हे बाष्पीभवनावर अवलंबून राहते. विरळ वस्तीच्या जलजीवालयास हा पुरवठा पुरतो. दाट वाढलेल्या प्रवाळांस तो अपुरा पडतो.

नंतरच्या पद्धती : १९८० नंतरच्या दशकात बर्लिन येथील हौशी पालकांनी, विशेषतः डीट्रिख श्ट्यूबर यांनी, जिवंत खडक, प्रखर दिवे, फेसाबरोबर सेंद्रिय द्रव्य काढून टाकणारे उपकरण (प्रोटीन स्किमर) व निवळी यांचा मेळ घालून ॲक्रोपोरा प्रवाळाची फांदीफांदीने लागवड केली. अमेरिकेत जॉर्ज स्मिट यांच्या १९८६ मधील लेखमालेने घरगुती प्रवाळ-जलजीवालयांची लाट आणली, पण बर्लिनची पद्धत तेथे रुजल्यावरच अश्मप्रवाळ वाढू लागले. जर्मन चालकांनी क्षारता मोजण्यासाठी गोड्या पाण्याच्या काठिण्याचे अंश वापरले. १ मिलितुल्यांक म्हणजे २.८ जर्मन अंश असे हे माप समुद्रजलास शास्त्रीय दृष्ट्या अप्रस्तुत असूनही व्यवहारात टिकून राहिले आहे.

दाट वस्तीसाठी ‘कॅल्शियम विक्रियापात्र’ प्रचारात आले. ह्यात प्रवाळाच्या चुऱ्याने भरलेल्या बंद नळकांड्यातून कार्बन डाय-ऑक्साइड सोडून पीएच मूल्य ६.५ च्या आसपास आणतात. चुरा विरघळतो व कॅल्शियम आणि क्षारता योग्य प्रमाणात जलजीवालयात येतात. गाळणीतील शिंपल्यांकडून जे व्यर्थ अपेक्षिले गेले होते, ते येथे वेगळ्या कक्षात अम्लता निर्माण करून साधले. परंतु बाहेर येणाऱ्या पाण्यात जादा कार्बन डाय-ऑक्साइड असल्याने जलजीवालयाचे पीएच मूल्य उतरते. अशा रीतीने क्षारता उच्च व पीएच मूल्य नीच, ही जुन्या चालकांना विसंगत वाटली असती अशी स्थिती नित्याची झाली, आणि दोन्ही राशी वेगळ्या आहेत हे निर्विवादपणे सर्वांच्या प्रत्ययास आले. हान्स-वेर्नर बॉलिंग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत कॅल्शियम क्लोराइड व सोडियम बायकार्बोनेट यांचे विद्राव वेगवेगळे, पण प्रमाणबद्ध मात्रेने घालतात. त्यातून शिल्लक राहणाऱ्या मिठाचा तोल साधण्यासाठी मीठविरहित सागरी लवणांचा तिसरा विद्राव वापरतात. आज हीच पद्धत किंवा तिची रूपांतरे सर्वाधिक रूढ आहेत.

संस्थांच्या पातळीवर निराळे मार्गही चोखाळले गेले. मोनॅको येथे झाँ झोबेर यांनी वाळूच्या जाड थरातील सूक्ष्मजंतूंच्या श्वसनाने वाळूच विरघळावी अशी योजना केली. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर ॲडी यांनी शैवलांचे पट्टे रात्री प्रकाशित करून दिवसरात्रीतील पीएच मूल्याची तफावत कमी केली.

हवाई येथील वैकीकी जलजीवालयाच्या अनुभवाने मात्र सर्वांनाच विचारात पाडले. तेथे खाऱ्या विहिरीचे पाणी वापरीत. ते कार्बन डाय-ऑक्साइडाने अतिसंपृक्त, म्हणून कमी पीएच मूल्याचे आणि पोषक लवणांनी समृद्ध होते. पुस्तकांच्या निकषांनुसार ते प्रवाळांना अयोग्यच होते. तरीही त्यात प्रवाळांच्या ५७ जाती राखल्या गेल्या आणि त्यांच्या वाढीचा वेग समुद्रातील नोंदींच्या वरच्या मर्यादेजवळ होता, असे ॲट्‌किन्सन, कार्लसन व क्रो यांनी १९९५ मध्ये नमूद केले. एका पीएच मूल्याच्या आकड्यावरून पाण्याची पारख करणे किती अपुरे आहे, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. विहिरीच्या सतत वाहत्या पाण्याने तेथे साठा कधी संपत नव्हता.

प्रयोगशाळा म्हणून जलजीवालय : ॲरिझोनातील ‘बायोस्फिअर-२’ ह्या काचबंद वास्तूत २६ लक्ष लिटरांहून मोठा कृत्रिम समुद्र व त्यात प्रवाळभित्ती होती. १९९१-९३ मध्ये आठ माणसे आत कोंडून घेऊन राहिली असता हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड बाहेरच्या कित्येक पट वाढला, आणि ह्या समुद्राचे पीएच मूल्य राखण्यासाठी त्यात सोडियमाची कार्बोनेटे घालावी लागली. सर्वसाधारण पालकाची नित्याची अडचण येथे प्रचंड प्रमाणावर उभी राहिली होती. पुढे हीच वास्तू कोलंबिया विद्यापीठाच्या व्यवस्थापनाखाली असताना क्रिस लँग्डन व सहकाऱ्यांनी पाण्याचे रसायन हेतुपूर्वक बदलून भित्तीची वाढ मोजली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार भित्तीची वाढ कॅल्शियम कार्बोनेटाच्या संपृक्ततेवर, म्हणजे कॅल्शियम व कार्बोनेट आयनांच्या गुणाकारावर अवलंबून होती. झाँ-प्येर गात्यूझो व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये केवळ कॅल्शियम बदलून असाच परिणाम दाखविला होता. मारुबिनी व थेक यांनी १९९९ मध्ये पाण्यातील बायकार्बोनेट वाढवून एका पोराइटीस प्रवाळाच्या वाढीचा वेग दुप्पट केला. क्षारता वाढविल्यास प्रवाळ जोमाने वाढतात, हा चालकांचा अनुभव त्यामुळे शास्त्रमान्य झाला.

प्रवाळाच्या ऊतकाखाली, सांगाड्याच्या लगत, द्रवाचा एक पातळ थर असतो. तेथील हायड्रोजन आयन प्रवाळ ऊर्जा खर्चून बाहेर टाकतो, त्यामुळे दिवसा त्या थराचे पीएच मूल्य ९ च्या वर गेल्याचे सूक्ष्म विद्युत् अग्रांनी आढळले आहे. बाहेरच्या पाण्यात हायड्रोजन आयन आधीच अधिक असतील, तर हे काम जड होते. कार्बोनेट, बायकार्बोनेट की हायड्रोजन आयनांचे निःसारण, यांपैकी निर्णायक काय, याविषयी अद्याप एकमत नाही. व्यवहारात क्षारता २.५ ते ३.५ मिलितुल्यांक, कॅल्शियम ४०० ते ४५० मिग्रॅ. आणि पीएच मूल्य ८ ते ८.४ राखतात. मॅग्नेशियम सु. १,३०० मिग्रॅ. असावे लागते, ते कमी पडल्यास कार्बोनेटाचा साका आपोआप बसू लागतो. आकडा कोणता यापेक्षा तो स्थिर असणे अधिक महत्त्वाचे आहे, यावर अनुभवी चालकांचे एकमत आहे.

भारतात मानारच्या आखातातून पूर्वी प्रवाळ मोठ्या प्रमाणावर काढून चुन्यासाठी वापरीत. वन्य जीव संरक्षण अधिनियमाच्या (१९७२) पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व अश्मप्रवाळांचा समावेश झाला. त्यामुळे आपल्याकडील समुद्रातून ते काढून घरी पाळणे हा गुन्हा ठरतो, आणि प्रवाळ-जलजीवालयाचा छंद पश्चिमेसारखा येथे पसरलेला नाही.

पश्चिमेतही छंदाची ही विद्या आता अन्य कामी आली आहे. फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर २०१४ पासून पसरलेल्या रोगाने अश्मप्रवाळांच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर नष्ट होऊ लागल्यावर निरोगी वसाहती उचलून जमिनीवरील जलजीवालयांत ठेवण्यात आल्या. लंडन येथील हॉर्निमन संग्रहालयाने विकसित केलेल्या तंत्राच्या साहाय्याने फ्लॉरिडा ॲक्वेरियम येथे २०१९ मध्ये स्तंभप्रवाळाचे प्रजनन घडविण्यात आले. हा प्रवाळ फ्लॉरिडाच्या समुद्रात आता जवळजवळ उरलेला नाही. जलजीवालयांतील वसाहतींची क्षारता राखणे हे त्याचा वंश राखण्याच्या कामाचा भाग झाले आहे.

खुल्या समुद्रात हा उपाय कितपत लागू पडतो, हेही पाहण्यात आले आहे. औद्योगिकीकरणापूर्वी महासागराच्या पृष्ठजलाचे सरासरी पीएच मूल्य सु. ८.२ होते, ते आता सु. ८.१ आहे. रिबेका ऑलब्राइट, केन काल्डेरा व सहकाऱ्यांनी ग्रेट बॅरिअर रीफमधील वन ट्री बेटाच्या भित्तीवरून वाहणाऱ्या पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइड सोडून त्याचे रसायन औद्योगिकीकरणापूर्वीच्या स्थितीजवळ नेले. तेव्हा भित्तीची वाढ सु. ७ टक्क्यांनी अधिक झाली (२०१६). त्याच ठिकाणी उलट दिशेने, ह्या शतकाच्या अखेरीस अपेक्षित असलेल्या प्रमाणाइतका कार्बन डाय-ऑक्साइड सोडला असता ती सु. ३४ टक्क्यांनी घटली (२०१८). दोन्ही प्रयोग भित्तीच्या एका लहान पट्ट्यावर, ओहोटीच्या वेळी, थोडा काळच करता आले.